उघड्या डोळ्यांची दिवेवाली

काळुराम आल्यागेल्याला माझं नाव खोटं सांगतो. पाहुणा सोफ्यावर टेकला, पाण्याचा पेला त्याच्या हातात आला, की हा माझ्याकडे बोट करून म्हणतो, "ही आमची मैना." पाहुणा बिचारा माझ्याकडे बघतो, मग पेल्यात बघतो, आणि त्याला घोट गिळवत नाही. मला विचाराल तर हे वागणं बरं नाही. माणसाने वस्तूला वस्तू म्हणावं. मी मैना नाही. मैना ही त्याची थोरली लेक, आणि ती गेली.

मित्रांनो, मी एक जुनी दिवेवाली आहे. पेणच्या कारखान्यात शाडूच्या मातीतून घडले आणि रोह्याच्या एका हॉलमध्ये येऊन उभी राहिले. उंचीने सहावीतल्या मुलीएवढी. अंगावर रंगवलेला परकर-पोलका, उजवा हात वर, आणि त्या हातात दुधी काचेचा गोळा. बटण दाबलं की गोळा पेटतो. माझा चेहरा पोरीचा आहे आणि जीभ म्हातारीची, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. ती जीभ हौसाबाईची. मी ओली असल्यापासून तिचंच बोलणं ऐकत होते, दुसरी शाळा मला मिळाली नाही. ती स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली, म्हणजे माझंही शिक्षण तेवढंच धरा.

पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचा. हौसाबाई आमच्या कारखान्याची मालकीण. मुलगे माती मळत, साचे भरत. सुना रंग देत. पण डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी व्हायची, आणि ती हौसाबाई कोणाला करू देत नसे. एकदा धाकट्या सुनेने हौसेने एका गणपतीचे डोळे आखले. हौसाबाईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "काय गो, देवाला झोपेतून उठवलास काय? एक डोळा अजून लागलाय त्याचा."

तिचा एक नियम होता. आमच्याकडे शोभेच्या वस्तूही होत. दिवेवाल्या, कळशी घेतलेल्या बाया, दारात ठेवायच्या गौळणी. त्यांच्या पापण्या ती कायम खाली काढायची. गिऱ्हाइकांना वाटे, बाई लाजते. तसं काही नव्हतं. हौसाबाई म्हणायची, "ज्याचे डोळे उघडले त्याला एक दिवस निरोप द्यावा लागतो. देवाचे उघडावे, तो आपल्या घरी परत जातो. जी घरात राहणार तिचे उघडू नये. ती बघत बसते."

माझ्याही पापण्या खालीच राहिल्या असत्या. पण काळुराम आला. खिशातून त्याने शाळेतला एक फोटो काढला आणि हौसाबाईच्या पुढ्यात धरला.

"तोंड हेच पायजे. आणि डोळे असेच, मोठे."

"शोभेची बाई हाय ना? मग पापण्या खाली."

"नाय. तिचे डोळे मोठे होते."

"होते म्हणजे?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याचं बिऱ्हाड नागोठण्याला होतं. एका पावसात आंबा नदी गावात शिरली, आणि हा कंपनीत शिफ्टला अडकला. बायको म्हाताऱ्या सासूला माळ्यावर चढवत होती. मैना शिडीच्या खालीच उभी होती. मग नव्हती. पाणी ओसरल्यावर काळुरामने खाडीपर्यंत शोधलं. पोरगी सापडली नाही, तिच्या अंगावरचं कापडही सापडलं नाही.

"लोक म्हनतात विसर," तो म्हणाला. "पन निरोप कशाला देऊ? माझ्या हातात कायच आला नाय."

हौसाबाईने कुंचला खाली ठेवला. जन्मात तिने कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं ह्याचं. मला तेव्हाही ते चुकलंच वाटलं होतं, पण मातीला कोण विचारतो.

"काढते डोळे," ती म्हणाली. "पण आईक. उघडते मी, तर मिटायचे पण मी सांगीन तवा. ज्या वर्षी सांगीन त्या वर्षी गणपतीच्या पाठोपाठ हिला पाण्यात सोडायची. शाडू हाय, विरघळेल. कबूल?"

"व्हय," काळुराम म्हणाला, आणि शब्द द्यायचा म्हणून शेजारच्या गणपतीच्या पायावर हात ठेवला.

"हात काढ. रंग ओला हाय."

अशी मी रोह्याला आले. नागोठणं सोडून काळुरामने इथे नवं घर बांधलं होतं, आणि त्याचा हॉल त्याने माझ्याभोवती सजवला. माझ्या परकराला शोभेल असा डाळिंबी रंगाचा सोफा आणला. काचेचं शोकेस केलं. त्याच्या बायकोने, शेवंताने, भिंतीला धबधब्याचं मोठं चित्र लावलं होतं. ते त्याने त्याच दिवशी फाडलं. का, ते तिने विचारलं नाही. छताला प्लास्टरची पांढरी वेलबुट्टी झाली, आणि लतीफ वायरमनने तिच्या मागे लपवून असे दिवे बसवले की सगळा उजेड माझ्या तोंडावर यावा.

लतीफ शिडीवरून म्हणाला, "काळूशेट, सगळा उजेड हिच्यावरच टाकलाव. मग बसनाऱ्यांनी काय काळोखात बसायचा?"

"बसू दे," काळुराम म्हणाला.

आणि घर खरंच काळोखात बसलं. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मला आधी ते आवडलं. कंपनीतले साहेब बायकांना घेऊन यायचे. बायका म्हणायच्या, "अगंबाई, आत्ता बोलेल असं वाटतं." मी मान ताठ ठेवायची. ती तशीही ताठच आहे, पण मनातून अजून थोडी करायची.

शेवंता माझ्या तोंडावरची धूळ रोज पुसायची, पण डोळे मिटून. फडकं माझ्या गालावर आलं की तिचा हात थांबायचा. मग परत फिरायचा.

पावसाळ्यात माझे हाल सुरू झाले. शाडूला ओल पटकन लागते. बाहेर झड लागली की माझ्या कपाळाला दमट घाम यायचा आणि डोळ्यांच्या कडेने ओघळायचा. काळुराम माझ्यासमोर बसून म्हणायचा, "रडू नको गो, बाय." शेवंता कोळशाची शेगडी आणून माझ्या पायाशी ठेवायची. अंग वाळायचं, पण पोटात भरलेल्या काथ्यातून पाण्याचा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, पागोळ्या असतील. मग पाऊस थांबला तरी तो आवाज थांबेना. कोणीतरी शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहून पाण्यात पाय हलवत असावं, तसा. मी नागोठण्याचं घर बघितलं नव्हतं, नदी बघितली नव्हती. पण मला ती शिडी दिसायला लागली. तिची तिसरी पायरी ढिली होती, हेही मला कळलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एखाद्याला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावाने हाक मारली की असं होतं. ते दुसरं माणूस आत येऊन बसतं.

रोह्याला आल्यावर त्यांना दुसरी मुलगी झाली. मृणाली. लहानपणी ती रांगत माझ्याकडे यायची, तर काळुराम तिला उचलून लांब ठेवायचा. "ताईला हात लावायचा नाय." मोठी झाल्यावर शाळेतली चित्रं घेऊन यायची. हा चित्र हातात घ्यायचा, "छान हाय" म्हणायचा, आणि बघत माझ्याकडे असायचा.

"पोरीला एकदा तरी नावानं हाक मारा," शेवंता एकदा म्हणाली.

"मारतो की."

"तिला तुम्ही 'अगो' म्हनता. नाव आठवतंय ना?"

त्याने शोकेसची काच पुसली. ती स्वच्छच होती.

हौसाबाई दर वर्षी कारखान्यातली घाई संपली की मला बघायला यायची. सोफ्यावर बसायची नाही. "हा सोफा हाय का घसरगुंडी," म्हणून खाली मांडी घालून पानाला चुना लावायची. माझ्या डोळ्यांत बघायची आणि काळुरामला विचारायची, "गणपतीला नदीवर तू गेलास का यंदा?"

नाही, तो कधीच जात नसे. आरती करायचा, मूर्ती उचलून उंबऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथे शेजारच्या पोपटच्या हातात द्यायचा. पुरानंतर वाहत्या पाण्याजवळ त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

"मग अजून सांगत नाय," हौसाबाई म्हणायची. "मी सांगीन नि तुझे पाय जायचे नायत. मग माझा शब्द फुकट."

यंदा होळीनंतर हौसाबाई गेली. काळुराम पेणला तिच्या दहाव्याला जाऊन आला, पाय धुतले, आणि माझ्यासमोर सोफ्यावर पाठ टेकून बसला. मोठा श्वास सोडून म्हणाला, "आता सांगनारा कोन नाय राहिला." त्याच्या तोंडावर दुःख होतं, पण त्याहून सुटका जास्त होती. ती मी बघितली. माझे डोळे उघडे आहेत, हे तो विसरला.

त्या दिवसापासून माझ्या काथ्यात दोघी राहतात. एक पाण्यात पाय हलवते. दुसरी पानाला चुना लावत बसते आणि मधूनच म्हणते, "बघत्ये मी."

मृणालीने काय केलं ते आता सांगते. ती माझ्या शेजारी उभी राहायला लागली. आधी सहज, खेळातल्यासारखी. मग तिने उजवा हात वर धरायला सुरुवात केली. मग घरातली बॅटरी हातात घेतली. पापणी न हलवता उभं राहायचा ती सराव करायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला मनात ओरडायची, "जा गो, खेळ जा." ती मातीसारखी स्थिर व्हायला शिकत होती, आणि तिला ते जमत होतं. मित्रांनो, मी माती आहे. मला ठाऊक आहे, ह्यात शिकण्यासारखं काही नाही.

आज गौरी-गणपतीचं विसर्जन. दिवेलागण झाली आहे, आरती झाली आहे, दारात पोपट आणि आळीतले लोक झांजा घेऊन उभे आहेत. काळुराम माझा दिवा लावायला हॉलमध्ये आला. कोपऱ्यात आम्ही दोघी उभ्या होतो. मृणालीने तोंडाला पांढरी पावडर थापली होती, माझ्यासारखा परकर नेसला होता, हातात पेटलेली बॅटरी होती. काळुराम थांबला. आजवर त्याने ह्या पोरीकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. त्याने हात पुढे केला, तिच्या गालाला लावला आणि म्हणाला, "मैना."

आणि ती पापणी न हलवता म्हणाली, "ओ, बाबा."

दारात शेवंता होती. तिने हातातलं निरांजन खाली जमिनीवर ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. माझ्या पोटातलं पाणी थांबलं. शिडीवरची पोर पाय हलवायची थांबली. तीही बघत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही शोभेच्या वस्तू असतील. चित्रं असतील, दिवे असतील, आजोबांची खुर्ची असेल. त्या पुसा, जपा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण त्यांना त्यांच्याच नावाने ओळखा, आणि घरातला सगळा उजेड त्यांच्यावर टाकू नका. आम्हाला त्याचा उपयोग नसतो. ज्याला असतो तो शेजारी उभा असतो.

माझं तोंड मातीचं आहे. ते उघडताना ओठाजवळ रंगाचा पोपडा सुटला आणि खाली पडला. आवाज निघाला तो हौसाबाईचा, पानाने जड झालेला. काळुरामने तो ओळखला. झांजा थांबल्या, म्हणजे दारातल्यांनीही ऐकला असावा.

"हात काढ, काळुराम. रंग ओला हाय. तिचं तोंड धू आधी. मृनाली नाव हाय तिचं, त्या नावानं हाक मार, आनि तिनं ओ दिली की माझ्यासाठी दुसरा पाट आन. सांगनारा हाय अजून, आनि तो ह्याच वर्षी सांगतोय. पोपटच्या हातात देऊ नको, तू स्वतः ने. मैना बुडाली त्यात तुझा दोष नाय. पन ही रोज तुझ्या डोळ्यासमोर बुडत्येय, आनि तू दिवा माझ्या तोंडावर धरून बसलायस. तो विझव, आनि उचल मला."