पाठ असलेली पानं

गोळीवाल्या काकांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा हात चालत होता, पाय चालत होता, आणि तोंड तर आधीपासूनच कुणाला आवरत नव्हतं. पक्षाघाताचा झटका आला तसा गेला, थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी मात्र एक अट घातली. रोज सकाळी त्यांना मोठ्याने काहीतरी वाचायला लावा. वाचन सुरळीत झालं की खुशाल दुकानात बसू द्या, त्याआधी नाही. काकांचं औषधांचं दुकान होतं, तेव्हा अट वाजवीच होती.

काकूंना आयतं कोलीत मिळालं. लग्न झाल्यापासून त्या मागे लागल्या होत्या, रोज बायबल वाचत जा म्हणून. काका रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे आणि उरलेला आठवडा देवाला सुट्टी द्यायचे. आता डॉक्टरच काकूंच्या बाजूने बोलत होते.

"पेपर वाचतो की," काका म्हणाले.

"पेपर वाचून तुमचं डोकं तापतं. स्तोत्रांपासून सुरुवात करा. चहा झाला की रोज एक."

पहिल्या सकाळी काकांनी पुस्तक उघडलं. अक्षरं जागच्या जागी होती. काळी, ठसठशीत, ओळी सरळ. फक्त त्यांतलं एकही अक्षर काही बोलत नव्हतं. काकांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. 

"अहो, वाचा ना. पहिलं स्तोत्र," काकू म्हणाल्या.

आणि पहिलं स्तोत्र काकांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. त्यांचे वडील संडे स्कूलमध्ये शिकवायचे. हातात पट्टी घेऊन त्यांनी मुलाकडून एकेक स्तोत्र घोकून घेतलं होतं. एक शब्द चुकला तर न्याहारी नाही. असं शिकलेलं माणूस मेल्यावरच विसरतो. काका शेवटपर्यंत न अडखळता म्हणून गेले. काकूंनी डोळे पुसले. मुलगा दारातून म्हणाला, "बाबा, एक नंबर!" घरात काकांना डोळे मिटून वाचता येईल असं एकच पुस्तक होतं आणि परीक्षेला नेमकं तेच निवडलं होतं, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

काका न्हाणीघरात गेले आणि कडी लावून टूथपेस्टची ट्यूब डोळ्यांसमोर धरली. काही नाही. बिस्किटांचा पुडा, कॅलेंडर, विजेचं बिल, सगळं तसंच.  सांगून टाकावं असं वाटलं नाही असं नाही. पण त्यांना आपला थोरला भाऊ आठवला. झटक्यानंतर त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, आणि त्या दिवसापासून लोक त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलायला लागले, जणू तो तिथे नाहीच. 'खाल्लं का यांनी?' 'झोप लागते का यांना?' काका दुकानात नसतील तर काका कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यांनी तोंड धुतलं.

तेव्हापासून रोजचा नेम सुरू झाला. काकू आकडा सांगायच्या, काका म्हणायचे. अंदाजाने पान उलटायचे. एकदा फार लवकर उलटलं.

"इतक्यात झालं पान?"

"दोन पानं चिकटलीत गं," काका खेकसले, आणि खोटं झाकायला आवाज चढवावा लागला याची त्यांना लाज वाटली.

चांगली सवय लावायला मन लागतं म्हणतात. काकांना ती भीतीने लागली. गजर व्हायच्या आधीच जाग यायची. स्वयंपाकघरात कप वाजले की छाती धडधडायची. पूर्वी कधी स्तोत्राचा अर्थ कळला नव्हता, आता कळायला लागला, आणि ते अधिकच वाईट झालं. देवापासून काही लपत नाही असं म्हणताना त्यांची जीभ जड व्हायची. समोर काकू हात जोडून बसलेल्या असायच्या.

त्यात वडिलांची शिकवणी एका जागी थांबली होती. काका वसतिगृहात गेले, पट्टी घरी राहिली आणि पुढची स्तोत्रं कोरीच राहिली. ती जागा जवळ येत होती. आज एक उरलं, उद्या नाही, असं झालं तेव्हा काकांनी शेवटचं पाठ असलेलं स्तोत्र म्हटलं, पुस्तक मिटलं आणि जाहीर केलं, "उद्यापासून मी दुकानात जातो. सकाळीच. वाचन मग बघू."

"बघू कशाला? संध्याकाळी वाचू," काकू म्हणाल्या. त्या इतक्या खूश होत्या की त्यांनी जास्त हट्ट धरला नाही. मुलगा तर सुटलाच. महिनोन् महिने तो एकटा दुकान ओढत होता.

काका आगीतून निघून फुफाट्यात जात होते, आणि हे त्यांना पुरेपूर कळत होतं. पण संध्याकाळ लांब होती. घाबरलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

दुकानात सुरुवातीला बरं गेलं. खोकल्याचं औषध, मलम, पट्ट्या, लोक तोंडी मागायचे आणि बाटल्या आकारावरून ओळखू यायच्या. मुलगा मागच्या खोलीत नव्या मालाची खोकी फोडत होता. मग शिवणकाम करणारी ताई आली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"काका! किती बरं वाटलं तुम्हाला बघून. आईच्या थायरॉइडच्या गोळ्या संपल्यात. गोळीसाठी उपाशी बसलीय बिचारी."

काकांनी चिठ्ठी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान हलवली. "नेहमीच्याच ना?"

"हो, त्याच."

हात बिनचूक खणाकडे गेला. इतकी वर्षं त्याच खणाकडे जात होता. गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी ती चष्म्यासमोरसुद्धा धरली, वाचल्यासारखी. ताई हसून लगबगीने गेली. काकांच्या जिवात जीव आला. हात शाबूत आहे, जमेल आपल्याला, असं त्यांना वाटलं.

मुलगा हात झटकत बाहेर आला. "बाबा, एक सांगायचं राहिलं. मी खण बदललेत. साखर कमी करायच्या गोळ्या वर आणल्या, सारखं वाकावं लागायचं. तुम्ही नाव बघूनच द्याल म्हणा."

काकांनी खण उघडला. चंदेरी पट्ट्या, त्यांच्यावर बारीक अक्षरं. एक पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, तिरकी केली. अक्षरं गप्प होती. "हो, बघितलं मी," एवढंच म्हणायचं होतं. गोळ्या बरोबर असतीलही. मुलगा सगळंच बदलतो असं थोडंच आहे? पण उपाशी पोटी पाण्याचा पेला घेऊन बसलेली म्हातारी काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

"हे काय आहे? वाच," ते म्हणाले.

"चष्मा तर लावलाय तुम्ही."

"वाच म्हणतो ना! मला वाचता येत नाही."

"काय बोलताय? काल तर अख्खं स्तोत्र..."

"पाठ आहे ते! सगळी पाठ आहेत. घरी आल्यापासून मी एक अक्षरही वाचलेलं नाही. याच खणातली पट्टी दिलीय मी ताईला, तिच्या आईसाठी. सांग काय आहे."

मुलाने पट्टी बघितली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साखरेच्या," तो म्हणाला. ताईचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग मुलगा धावत सुटला.

काका काउंटरमागे उभे राहिले. गिऱ्हाईक आलं, तर दार उघडं असतानाच काकांनी दुकान बंद असल्याचं सांगितलं. प्रार्थना करायला तोंड उघडलं तर घोकलेल्या ओळी घडाघडा यायला लागल्या, आणि त्यांना स्वतःच्याच तोंडाची भीती वाटली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बऱ्याच वेळाने आपले शब्द सापडले. "देवा, तिने घेतलेली नसू दे."

तिने घेतली होती. मुलाने पोचल्या पोचल्या साखरेचं पाणी पाजलं आणि दवाखान्यात नेलं. तरी दुपारी म्हातारीचे हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला, आणि पोटच्या लेकीला ती ओळखेना. काका बाहेरच्या बाकावर होते. ताई त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.  संध्याकाळी आत म्हातारीने लेकीला हाक मारली तेव्हा ताई धावली, आणि काका बाकावरच ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी काकांनाही तपासलं. "डोळ्यांना दिसतंय, पण दिसलेलं वाचनापर्यंत पोचत नाही. हात कदाचित विसरला नसेल. बोटाने अक्षर गिरवून बघा. वेळ लागेल. पूर्ण येईलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चहा होता, पुस्तक नव्हतं. काकूंचे डोळे सुजलेले होते.

"मी रोज समोर बसून देवाचे आभार मानत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नाटक करत होतात. ती बाई गेली असती म्हणजे?"

 काका उठले, कपाटातून पुस्तक काढून आणलं.

"आज नको," काकू म्हणाल्या.

"आजच. तुला मला रोज वाचायची सवय लावायची होती ना? मी अजून एकदाही वाचलेलं नाही."

स्तोत्रं सोडून त्यांनी पुस्तक भलतीकडेच उघडलं, जिथलं काहीच पाठ नव्हतं. मुलगा दुकानाच्या किल्ल्या हातात घेऊन दारातच थांबला. काकांनी एका ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. उभी रेघ, तिला डावीकडून चिकटलेली वळणदार रेघ. पुन्हा गिरवलं. तिसऱ्यांदा गिरवताना बोटाला काहीतरी कळलं, ते हातातून वर आलं आणि ओठांवर अडलं. पुढे काना. मग पुढचं अक्षर, कितीतरी वेळ. चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही.

"पा... पाणी," काका म्हणाले. आणि मग आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "बरोबर आहे का?"

काकू वाकल्या. त्यांनी त्या बोटाखाली बघितलं, बोट बाजूला करून पुन्हा बघितलं. काकांना कालच्या बाकावर वाटली होती तशीच भीती वाटली.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "पुढचं वाचा."

काकांनी बोट पुढे सरकवलं.  पुढे काय लिहिलंय, ते त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.