मोडलेला धुरा

आंधळगावच्या मुलींचा रग्बी संघ यंदा लीगमध्ये अगदी शेवटच्या सामन्यात कसाबसा तगला आणि मग चक्क कप जिंकून आला. गावानं पोरींना डोक्यावर घेतलं. टाळ्या वाजवायला सगळेच पुढे. सरावाला जागा मात्र एकट्या दुर्गाबाईनं दिली होती, हे कर्णधार कामिनी विसरली नव्हती.

धान कापल्यावर दुर्गाबाईच्या रिकाम्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, त्या खेळत. दोन बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्याला, त्या बांधाला, अडखळून पोरी तोंडावर आपटायच्या, म्हणून त्या तापट बाईनं स्वतः कुदळ घेऊन धुराच मोडला होता. आता धुऱ्याशिवाय धानात पाणी कसं थांबणार?

म्हणून रोवणीआधी कामिनी सगळ्यांना घेऊन बांधीत गेली. कप बाजूला ठेवून पोरी धुरा घालू लागल्या, तोच दुर्गाबाई ओरडत आली.

"कायले बांधून राहिल्या वो?"

"तुमच्या धानासाठी, मावशी. तुमचे लय उपकार हायेत आमच्यावर."

"खालच्या कडेचा धुरा उंच केला मी. मधल्याबिगर पाणी थांबते." दुर्गाबाईनं कामिनीच्या हातातलं फावडं हिसकावलं. "पुढच्या साली खेळाचं नाही का तुमाले?"