लाल गोलातला ‘की’

मी वही. रेघांची, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या गठ्ठ्यातल्या बहिणींच्या वाट्याला गणितं आली, शुद्धलेखन आलं. माझ्या वाट्याला एक आई आली. मी काही फार शहाणी नाही. माझ्यात कुणी लिहील आणि माझ्या आसपास घडेल तेवढंच मला कळतं.

समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं होतं, एक वही करा आणि मनातलं उतरवून काढा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात मला कठड्यावर टेकवून तिने पहिलं वाक्य लिहिलं: ‘मला वाटतं की बबडीला माझी भीती वाटते की काय.’

बबडी तिची सहा वर्षांची मुलगी. झोप उडाली ती मोज्यांमुळे. पांघरूण सारखं करायला गेली, तर पोरगी शाळेचे मोजे घालून झोपलेली. सकाळी विचारलं, तर म्हणे थंडी वाजत होती. थंडी कसली, पंखा फुल्ल होता. झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात बबडीने मोजे उलटे घातले, उशीर झाला, आणि आईने तिला दंडाला धरून अशी ओढली की बोटं उमटली. मोजे रात्रीच घातले, तर सकाळी प्रश्नच नको. सहा वर्षांच्या डोक्याने काढलेली तोड ती.

आईचं काम फोनवरचं. पार्सल फुटलं, हरवलं, चुकीच्या घरी गेलं, की लोक तिला झापतात आणि ती म्हणते, तुमची गैरसोय झाली, माफ करा. दिवसाला साठ वेळा, गोड आवाजात. पाचव्या पानावर तिने लिहिलंय, ‘मला वाटतं की माझ्यातला गोडवा ऑफिस सुटतानाच संपतो, घरी मी रिकामा डबा नेते.’ वाक्य तिला आवडलं असावं. खाली छोटी फुलाची नक्षी आहे.

बाईंच्या खोलीत दोन खुर्च्या, एक कुंडी, आणि घड्याळ मुद्दाम येणाऱ्याच्या पाठीमागे. बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि पहिल्या वाक्यातल्या दोन्ही ‘की’ना लाल गोल केला.

“‘मला वाटतं’च्या पुढे ‘की’ आला ना, की तिथून तुमचे तर्क सुरू होतात,” त्या म्हणाल्या. “भावना मागेच राहते. भीती वाटली, लाज वाटली, एवढंच लिहा. ‘की’ नको.”

बाईंचं चुकलं नव्हतं. पण माझी मालकीण जन्मभर पहिल्या बाकावर बसलेली. तिला वाक्यापेक्षा गोलच दिसला. दंडावरची बोटं सांगायला आली होती, ती सांगितलीच नाहीत. पुढच्या खेपेला तिने वेगळाच मुद्दा काढला: भीती वाटते, लाज वाटते, पण राग वाटत नाही, राग येतो. पाहुण्यासारखा येतो आणि जाताना घरातलं कुणीतरी रडवून जातो. बाई हसल्या, हीसुद्धा हसली. तास संपला.

मग माझी पानं सुधारत गेली. ‘मला लाज वाटली.’ ‘मला एकटं वाटलं.’ सुबक, छोटी वाक्यं. तिसाव्या पानानंतर एकही गोल नाही. चाळिसाव्यावर बाईंनी ‘छान’ लिहिलंय. घरी मात्र ती पूर्वीसारखंच दार आपटायची.

नवऱ्याने एकदा मला लांबूनच बघून म्हटलं, “बाईंना सांग, ‘की’ झाला असेल तर आता तुझा ‘च’ घ्यायला. तूच, तुझ्यामुळेच, नेहमीच.”

ती हसली नाही. आत जाऊन तिने लिहिलं, ‘मला वाईट वाटलं.’ बिनचूक.

मोजे रोज रात्री पायात होते.

परवा दुपारी बबडीने मला खणातून काढलं. ती आता अक्षरं लावते. आईच्या शेजारी बसून तिने पहिलं पान उघडलं आणि विचारलं, हे गोल कशाला? ‘मला वाटतं’ लिहून पुढे ‘की’ लिहिला की गोल मिळतो, आई म्हणाली. “आता तूच दोनदा म्हणालीस,” बबडी म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी.

बबडी बोटाने पुढची अक्षरं लावायला लागली. ‘बबडीला मा...’ आईने घाईने पानं उलटली. कोऱ्या पानावर ‘बबडी :’ लिहून म्हणाली, आता तू सांग, तुला काय वाटतं. मी लिहिते.

ते पान अजून तसंच आहे. नाव, दोन टिंबं, पुढे पेन टेकून राहिल्याचा निळा डाग. आता मी खणात तळाशी आहे, वर इस्त्रीचे कपडे. मला कुणी काढलंच, तर एवढी विनवणी आहे, आधी पहिलं पान वाचा. गोल सोडून वाचा.

त्या दुपारी बबडीने आधी आईचा चेहरा नीट बघितला. मग पेनाकडे बघितलं.

“मला तुझी भीती वाटते,” ती म्हणाली.

पेन हललं नाही. पोरीला वाटलं, आपलं काही चुकलं.

“लिही ना आई,” ती म्हणाली. “यात ‘की’ नाहीये.”