बायकोचा नास्तिक

"हात जोडलेत तर झिजणार नाहीत, भाऊजी," मेहुणी म्हणाली आणि दवाखान्याच्या पॅसेजमधल्या सगळ्या बाकांनी ते ऐकलं.

भाऊजी म्हणजे लिफ्टचा मिस्त्री आणि पक्का नास्तिक. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला लोकांनी एकच प्रश्न विचारून पिडलं होतं, वर अडकलात तर कोणाचं नाव घेता? तो सांगायचा, खाली उभ्या असलेल्या जोडीदाराचं, आणि तेही ओरडून. लोक हसायचे आणि वाट पाहायचे. त्याचं देव न मानणं म्हणजे उसनी नेलेली शिडी, कधीतरी गुपचूप परत आणून ठेवेलच, असा सगळ्यांचा हिशेब. आईच्या आजारपणात वाट पाहिली, मुलीच्या बाळंतपणात पाहिली. गडी बधला नाही.

आणि आज सकाळी डॉक्टरांनी त्याला आणि मेहुणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बायकोचं पोट उघडलं, पाहिलं, करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून तसंच शिवलं. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मेहुणीच्या मते आता वसुलीची वेळ आली होती.

"तुमच्यासाठी नका जोडू. तिच्यासाठी जोडा. तुमच्या वाटचंही आजवर तिनेच मागितलंय."

हे मात्र लागलं. देव नसला तर नसला, बायको तर होती. तो चिडतच उठला, आत जाऊन कॉटशेजारी उभा राहिला आणि गंजलेला बोल्ट फिरवावा तसे त्याने दोन्ही हात कसेबसे जुळवले. डोळे मिटले.

उघडले तेव्हा बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले?"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर गोड बोलतात, बहीण डोळे धुऊन आत येते. त्यांचं काही खरं धरायचं नाही, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. तिची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. हा माणूस देवाला नावं ठेवतोय तोवर काळजीचं कारण नाही.

"काय म्हणणार?" हात सोडवत तो खेकसला. "तुझी बहीण सकाळपासून डोकं खातेय. म्हटलं, एकदाचे जोडून दाखवावेत. जोडले. आलं का कोणी धावत?"

"असं बोलू नये." तिच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"वर कोणी असतं, तर तुम्हा लोकांच्या तक्रारी ऐकून केव्हाच नोकरी सोडून गेलं असतं."

आयुष्यभर मनापासून बोललेलं हे वाक्य आज पहिल्यांदाच त्याला पाठ केल्यासारखं म्हणावं लागलं.

"पुरे. तुमची माफी मलाच मागावी लागते," ती समाधानाने म्हणाली. त्याचा हात धरून ओठ हलवू लागली, आणि माफी अर्ध्यावर असतानाच तिला झोप लागली.

मेहुणी दारात उभी होती. "दगड आहात," ती हळूच म्हणाली.

त्याचा एक हात बायकोच्या मुठीत होता. दुसरा मोकळा होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्याला बराच वेळ सुचलं नाही.