दोघांपैकी कोणीही

पेंटरनं डाव्या हातात पेन आवळून धरलं आणि बँकेच्या स्लिपवर चौथ्यांदा सही केली. सही कसली, कोंबडीचे पाय! काउंटरवरच्या मुलीनं ती स्क्रीनवरच्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि मान हलवली.

"काका, नाही जुळत."

"जुळेल कशी? उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, दिसतंय ना?"

गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो. सही तरी साधी करेल तर शपथ! तिच्या खाली दुहेरी रेघ, शेवटी झोकदार शेपूट. परवा शिडीवरून पडला आणि मनगटाचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन झालं तर ब्रश धरता येईल, उशीर झाला तर सांगता येत नाही. पैसे आज संध्याकाळच्या आत भरायचे होते. पैसे होते, पुरेसे होते, पण खात्यात. कार्ड त्यानं कधी घेतलंच नाही. "माझ्या सहीशिवाय पैशाला हात लागता कामा नये," असं छाती काढून सांगायचा. घ्या आता!

"यांचा अंगठा नाही का चालणार?" मागून बायकोनं विचारलं.

"चालतो, काकू. पण त्याला डॉक्टरांचं पत्र लागतं, साक्षीदार लागतात, साहेबांची मंजुरी लागते. आणि साहेब आज रजेवर आहेत."

मुलगी स्क्रीन खालीवर करत होती.

"थांबा. खात्यावर दुसरंही नाव दिसतंय. या कोण?"

"मीच," बायको चोरी पकडल्यासारखी म्हणाली.

"अहो, मग तुम्हीच करा ना सही! संयुक्त खातं आहे. दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे राहील तो."

"पण मी तर साक्षीदार म्हणून सही केली होती."

"साक्षीदार नाही, काकू. खातेदार. काकांइतक्याच."

पेंटरनं बायकोकडे पाहिलं. खातं उघडलं त्या दिवशी "इथे कर सही" म्हणून बोट त्यानंच दाखवलं होतं. वाचलं दोघांनीही नव्हतं. तेव्हापासून ती किराण्यालासुद्धा त्याच्याकडे मागत आली आणि तो इस्त्रीचा शर्ट चढवून ऐटीत बँकेत येत राहिला.

बायकोनं पेन हातात घेतलं. एकेक अक्षर सुटं, शाळेत गिरवलं तसं तिनं आपलं नाव लिहिलं. मुलगी स्क्रीनमध्ये डोकावली.

"तंतोतंत!"

हॉस्पिटलात पैसे भरून दोघं बाहेरच्या बाकावर टेकली. पेंटरला पिसासारखं हलकं वाटत होतं.

"मालकीणबाई, चहा पाजा की."

"बघू. अर्ज करा," ती म्हणाली, आणि दोघंही मोठ्यानं हसली.

हसता हसता त्याची नजर प्लास्टरवर गेली. शिडी चढताना दरवेळी त्याला धास्ती वाटायची, ती उंचीची नव्हे. आपलं काही बरंवाईट झालं तर हिनं कुणापुढे हात पसरायचा, ही ती धास्ती. बायकोला त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

"जीव भांड्यात पडला बघ," तो म्हणाला. "म्हणजे परवा मी कायमचा गेलो असतो, तरी तुझं काही अडलं नसतं."

बायको त्याचा हात अडकवलेल्या गळ्यातल्या झोळीची गाठ सारखी करत होती. तिचा हात थांबला.

"पैशाचं नसतं अडलं," ती म्हणाली.