वाकडा जिवाणू आणि मी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी धूळझाकण पांघरून बसलेला म्हातारा सूक्ष्मदर्शक म्हणजे मी. माझी भिंगं एका कारागिराने हाताने घासली. काच उजेडाकडे धरायची, मान हलवायची आणि पुन्हा घासायला बसायचं, असा त्याचा खाक्या. इथे आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! मग नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेलो.

इथल्या मुख्य संशोधक बाईंनी उभी हयात एका वाकड्या जिवाणूमागे घालवली. विळ्यासारखा त्याचा आकार. त्याच्या आत, वाकाच्या पोटाकडून, प्रथिनाचा एक चिवट धागा जातो. धनुष्याची दोरी काठीला ओढून धरते, तसाच हा धागा जिवाणूला वाकवून धरतो, असं बाई ठामपणे सांगायच्या. पण जिवंत पेशीतला धागा तोडून कुणी पाहिलं नव्हतं. ते काम त्यांच्या विद्यार्थिनीने अंगावर घेतलं. नवी यंत्रं मोकळी नव्हती, म्हणून ती माझ्याकडे आली.

तिने औषध सोडलं. चमकत्या रंगाने माखलेला धागा विरून गेला. दोरी तुटली, आता धनुष्य ताठ व्हायला हवं! जिवाणू मात्र वाकडाच. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाई, तो सरळ होतच नाही.”

“त्या जुन्या डबड्यातून काय दिसणार तुला?” बाई करवादल्या.

माझ्या जिव्हारी लागलं, पण बोलणार कसा?

मुलगी हटली नाही. ती बघत राहिली. जिवाणू जसजसा वाढू लागला, तसतसा हळूहळू सरळ होत गेला. म्हणजे धागा ओढत नव्हताच. तो आपल्या बाजूची पेशीची भिंत सावकाश वाढू देत होता; समोरची बाजू भराभर वाढे आणि जिवाणू वाकत जाई. वाक भिंतीतच मुरला होता.

तिने भीतभीतच बाईंना बोलावलं. बाई माझ्यावर वाकल्या. कितीतरी वेळ त्यांच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या.

“इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत आले गं.”

“पण बाई, धागा कुठे बघायचा हे तुम्हीच तर शिकवलंत.”

“पुरे, मलम लावू नकोस,” बाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. “उद्याचा तास तू घे. मी मागच्या बाकावर बसते.”

आणि खरंच बसल्या. पहिला प्रश्नही त्यांनीच विचारला.

आता माझे स्क्रू सैल झालेत, मित्रांनो. काम झालं की मऊ फडक्याने पुसा, एवढंच मागणं. आणि मनाविरुद्ध काही दिसलं, तर रागावून उठू नका. डोळे चोळा, पुन्हा वाका आणि बघा.