ओल्या मोळ्या

माघात दौलताबादच्या रस्त्यानं कधी गेला असाल, तर दोन्ही बाजूंचा धूर तुम्ही पाहिला असेल. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायच्या, ढीग लावायचा आणि काडी ओढायची. गाव खोकतं, डोळे चोळतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेटवतं.

त्या बाजूच्या एका गावात मनकर्णाबाईंनी हे थांबवलं. बजाजनगरात राहून त्यांनी खोक्यांच्या कारखान्यात बारा वर्षं काम केलं होतं. पऱ्हाट्यांचा लगदा होतो आणि लगद्याची खोकी होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गावी परतल्यावर त्यांनी कारखान्याच्या साहेबांना गळ घातली. गावात शेड उभी राहिली. शेतकऱ्यांनी मोळ्या आणून वजनावर विकायच्या आणि नऊ बायकांनी ट्रक भरायचा. "माल कोरडा राहील, हा माझा शब्द," एवढ्या बोलीवर सगळं ठरलं.

पण कापूस बाजारात नेताना त्यावर पाणी शिंपडायची आपल्याकडं जुनी हुशारी आहे. वजन वाढतं ना! गावातल्या कडूबा नावाच्या शेतकऱ्यानं तीच हुशारी पऱ्हाट्यांवर चालवली. त्याच्या मोळ्या बाहेरून कोरड्या आणि आतून ओल्या होत्या. त्याची बायको सरूबाई त्याच शेडमध्ये राबत होती, तिलाही त्यानं पत्ता लागू दिला नाही.

कारखान्याच्या आवारात मोळ्या आतून कुजल्या. लगदा काळा पडला, त्याची खोकी माल भरताच फाटली. साहेबांनी गावाचा माल कायमचा बंद केला. शेडला कुलूप लागलं, तेव्हा कडूबा मनकर्णाबाईंकडं आला.

"आक्का, पाणी मी मारलं व्हतं. कापसावर सगळेच मारत्यात."

"व्हय, मारत्यात. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, तो आधीच भाव पाडतो. हितं त्यांनी माझ्या शब्दावर माल घेतला व्हता, कडूबा. तुझं पाणी त्या शब्दावर पडलं."

दुसऱ्या दिवशी कडूबा कारखान्यात गेला आणि सारं कबूल केलं. साहेबांनी चहा पाजला.

"खरं बोललात, बरं वाटलं. पण प्रत्येक मोळी सोडून बघायला माणसं कुठून आणू? आता दुसऱ्या गावाचा माल घेतो आम्ही."

घरी सरूबाईनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "नऊ घरांचं काम गेलंय. त्यांना तुमीच सांगा."

तो दारोदार फिरला. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. त्या नऊजणींतली आवडाबाई मात्र हळूच म्हणाली, "आमच्या घरच्यांनी बी पाणी मारलं व्हतं, भाऊ." कडूबाला स्वतःची लाज वाटत होतीच, आता गावाचीही वाटली.

पुढच्या वर्षी त्यानं पऱ्हाट्या पेटवल्या नाहीत. खडखडीत वाळवून बांधावर रचल्या. न्यायला कुणी आलं नाही.

मित्रहो, सगळेच करतात म्हणून लबाडीचा रिवाज होतो, पण ती लबाडीच राहते. पश्चात्तापानं कडूबा सुधारला, हे खरं. नऊ बायकांचं काम त्या पश्चात्तापानं परत आलं नाही, हेही तितकंच खरं.